अक्षरांचा उठाव

चांदूर बाजारच्या पेठेतील एका जुन्या दुकानाच्या माडीवर, श्रावण वद्यातील एका सकाळी, कपाटाचे खण रिकामे करण्याचे काम चालले होते. पर्युषणापूर्वी घराची झाडझूड करावी, ही त्या घराची रीत. खाली धान्य-किराण्याचे दुकान, वर राहते घर. राखीसाठी अमरावतीहून आलेली नात आजीच्या हाताखाली राबत होती. तळच्या खणातून पुठ्ठ्याचा एक खोका निघाला. त्यात रबरी ठसे, वाळून खडखडीत झालेला एक स्टॅम्पपॅड, सोनेरी व पांढऱ्या पुडीच्या तीन छोट्या बरण्या आणि उष्ण हवा फेकणारे एक हत्यार होते.

२०२० साली टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली, तेव्हा या मुलीने हौसेने हे साहित्य मागवले होते. दोन-चार शुभेच्छापत्रे झाली, कौतुक झाले, परीक्षा आल्या आणि खोका कपाटात गेला. आता तो उघडताच पहिला प्रश्न व्यापाऱ्याच्या घरात पडावा तोच पडला. दादाजींनी विचारले, ‘‘यातला माल अजून चालतो का?’’

माल चालत होता. स्टॅम्पपॅड वाळला होता. पण पुडी मात्र जशीच्या तशी होती. कागदावरील हीट एम्बॉसिंग ही कला ज्या तत्त्वावर उभी आहे, ते तत्त्व तसे सोपे आहे. ही पुडी म्हणजे उष्णतेने वितळणाऱ्या राळेचे, म्हणजेच एका प्रकारच्या प्लॅस्टिकचे, बारीक कण. प्रथम सावकाश वाळणाऱ्या चिकट शाईने कागदावर ठसा उमटवायचा किंवा अक्षर लिहायचे. शाई ओली असतानाच त्यावर पुडी सढळ हाताने टाकायची. मग कागद तिरपा करून झटकायचा. जेथे शाई आहे तेथेच पुडी राहते, बाकीची खाली घडी घातलेल्या कागदावर जमा होते आणि तेथून पुन्हा बरणीत जाते. एक कणही वाया जात नाही. राहिलेल्या पुडीवर उष्ण हवेचा झोत धरला की कण वितळतात, एकमेकांत मिसळतात, आणि द्रवाच्या अंगी असलेल्या पृष्ठताणामुळे त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत व किंचित फुगीर होतो. झोत दूर होताच तो थर घट्ट होतो. क्षणापूर्वी रवाळ दिसणारे अक्षर चकाकू लागते आणि बोटाला लागू लागते. केस वाळवण्याच्या यंत्राने हे साधत नाही. त्याची हवा जोरात असते, पण पुरेशी उष्ण नसते. पुडी वितळण्याऐवजी उडून जाते.

व्यापाऱ्याच्या बोलीत ‘उठाव’ म्हणजे मालाची मागणी. बाजारात तुरीला उठाव आहे, सरकीला नाही, असे आपण रोज म्हणतो. छापखान्याच्या बोलीत मात्र उठाव म्हणजे कागदाच्या पातळीहून वर आलेले अक्षर. या उठावाशी व्यापारी घरांचा परिचय आजचा नाही. लग्नपत्रिकेवरील सोनेरी, फुगीर नावे पुष्कळदा याच रीतीने सिद्ध होतात. छापखान्यात तिला थर्मोग्राफी म्हणतात. यंत्रातून बाहेर पडलेल्या ओल्या छपाईवर पुडी पडते, जादा पुडी हवेने ओढून घेतली जाते आणि पत्रिका सरकत्या पट्ट्यावरून तापलेल्या भट्टीखालून जाते. तांब्याच्या पत्र्यावर कोरून केलेल्या महागड्या छपाईला ही स्वस्त बदली म्हणून पुढे आली. श्रीमंती थाटाची पत्रिका मध्यम उत्पन्नाच्या घरातही पोहोचली, त्यात या पुडीचा वाटा मोठा आहे.

उठावाचा दुसरा प्रकार उष्णतेविना, केवळ दाबाने होतो. कंपनीची मुद्रा उमटवण्याचे लोखंडी दाबयंत्र ज्यांनी वापरले आहे, त्यांना तो ठाऊक असेल. कंपनी कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने ही सामाईक मुद्रा ऐच्छिक झाली आणि अनेक कार्यालयांतून ते यंत्र अडगळीत गेले. तिसरा प्रकार आपल्या सर्वांच्या गल्ल्यात रोज असतो. १०० रुपयांच्या नोटेवर त्रिकोण आणि ५०० च्या नोटेवर वर्तुळ अशी उठावदार खूण असते. ५०० च्या कडेला पाच तिरप्या रेषा, १०० च्या कडेला चार. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसते, त्यांनी बोटाने नोट ओळखावी यासाठी ही योजना आहे. ज्याला डोळे आहेत तो त्या खुणेकडे वर्षानुवर्षे पाहत नाही.

परंतु या कलेचा सर्वांत जवळचा पूर्वज म्हणजे लाखेची मोहोर. उष्णतेने वितळावे, थंड होताना आकार धरावा आणि मग तो सोडू नये, हा लाखेचा गुण माणसाने फार पूर्वी ओळखला. बँकांतील सीलबंद पाकिटे, टपालाची विमा केलेली पार्सले, न्यायालयातील मुद्देमाल या सर्वांवर लाखेचा लाल ठिपका आणि त्यावर पितळी मोहोर असे. दादाजींच्या पेढीचीही अशी एक मोहोर होती. पैसापाकीट पाठवायचे असले की मेणबत्तीवर लाखेची कांडी धरली जाई आणि धाकटा भाऊ मोहोर दाबी. नातीच्या हातातील यंत्रातून निघणाऱ्या उष्ण वासाने दादाजींना प्रथम त्या मोहोरेची आठवण झाली. आणि मोहोरेपाठोपाठ भावाची. ती मोहोर आता या घरात नव्हती. वाटणीत ती अकोल्याला गेली होती.

लाखेचे नाव निघाले की जैन घरात एक प्रश्न आपोआप उभा राहतो. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, सांगितला आहे. कारण उघड आहे. लाख हा झाडाचा डिंक नव्हे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वसणाऱ्या लक्षावधी सूक्ष्म कीटकांचा तो स्राव आहे. तो खरवडून काढताना व शिजवताना त्या जीवांची हानी होते. त्यामुळे नातीच्या बरणीकडे बोट करून आजीने विचारले, ‘‘ही लाखेची तर नाही ना?’’ हा प्रश्न भाबडा नव्हता. छापखान्यातील जुन्या पुड्यांत चीड वृक्षापासून मिळणारी राळ वापरली जात असे. आज हस्तकलेसाठी मिळणारी पुडी सर्वसाधारणपणे कृत्रिम राळेची असते. लाखेची शंका तेथे बहुधा उरत नाही. शंका उरते ती शाईविषयी. सावकाश वाळणाऱ्या शाईत ग्लिसरीन असते, आणि ग्लिसरीन वनस्पतीच्या तेलापासून होते तसेच प्राण्यांच्या चरबीपासूनही होते. वेष्टनावर खुलासा नसेल तर निर्मात्याला विचारावे, हा विवेक खाण्याच्या पदार्थापुरताच मर्यादित असू नये.

दादाजींनी तो प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. पेठेतील औषधाच्या दुकानातून वनस्पतिजन्य असे स्पष्ट छापलेली ग्लिसरीनची बाटली आणवली. वाळलेल्या पॅडवर तिचे काही थेंब मुरवले आणि तो पुन्हा कामाला लागला. उरलेल्या ग्लिसरीनमध्ये अक्षर दिसावे एवढाच शाईचा रंग मिसळला. मग त्यांनी एक बोरू छिलला. लहानपणी बालबोध अक्षर त्यांनी बोरूनेच गिरवले होते. बोरूची रेघ रुंद पडते आणि तिच्यात ओल पुष्कळ राहते. पुडी धरायला अशीच रेघ लागते. आधुनिक साहित्याच्या दुकानात यासाठी वेगळे पेन मिळते, पण घरात जे होते ते कमी प्रतीचे नव्हते.

हे सारे कशासाठी, असे नातीने विचारले नाही. तिला वाटले, आजोबा क्षमापनेच्या पत्रिका करणार.

क्षमापनेचे पत्र ही आपली जुनी परंपरा आहे. मध्ययुगात गावोगावचे संघ दूरच्या आचार्यांना विज्ञप्तिपत्र पाठवीत. कित्येक हात लांबीची ती चित्रित कागदी गुंडाळी असे. तीत गावाच्या पेठा, मंदिरे, हाटातील दुकाने रंगवलेली असत; आचार्यांनी येता चातुर्मास आपल्याकडे करावा अशी विनंती असे आणि झाल्या-गेल्या दोषांबद्दल क्षमायाचनाही असे. १६१० साली आग्र्याच्या संघाने आचार्य विजयसेनसूरींना पाठवलेले विज्ञप्तिपत्र विशेष प्रसिद्ध आहे. ते शालिवाहन नावाच्या चित्रकाराने रंगवले आणि त्यात जहांगीर बादशहाचा दरबारही आहे. एक पत्र तयार करण्यात चित्रकार, लेखक आणि सारा संघ गुंतत असे. क्षमा मागण्याला वेळ लागे. आणि तो वेळ लागणे हाच त्या मागण्याचा अर्धा अर्थ होता.

पुढे छापील पत्रिका आल्या. पेढीच्या नावाने दोनशे-तीनशे प्रती, खाली कुटुंबातील सर्वांची नावे. आता तर भ्रमणध्वनीवर एक चित्र येते आणि ते एका स्पर्शाने पाचशे जणांना जाते. ज्याचे काही चुकले नाही त्यालाही जाते आणि ज्याचे खरोखर चुकले आहे त्यालाही तेच जाते. श्वेतांबरांची संवत्सरी असो वा दिगंबरांची क्षमावाणी, जाणता-अजाणता झालेल्या चुकांची क्षमा त्या दिवशी घाऊक भावाने मागितली जाते.

दादाजींच्या घरातूनही तशी पत्रिका दरवर्षी अकोल्याला जात होती. तिकडूनही येत होती. अकरा वर्षे दोन्ही भावांनी एकमेकांची क्षमा नियमाने मागितली आणि अकरा वर्षे ते एकमेकांशी बोलले नाहीत. कारण एका नोंदीचे होते. वाटणीच्या आधी धाकट्याने अकोल्यात जागा घेतली, त्यासाठी पेढीतून रक्कम उचलली. तो ती आपला वाटा समजत होता. थोरल्याने वहीत ती त्याच्या नावे टाकली, आणि वाटणीच्या दिवशी वही पुढे केली. नोंद हिशेबाच्या नियमाला धरून होती. धाकटा एवढेच म्हणाला होता की, लिहिण्याआधी एकदा विचारायचे होते. त्यानंतर दोघांत शब्द झाला नाही. लग्नकार्याला मुले गेली-आली. वडीलधारी दोन मांडवांत राहिली.

आता धाकट्याची दृष्टी काचबिंदूने बरीच गेली होती. उन्हाळ्यात एका लग्नाहून परतलेल्या नातीने हे सांगितले होते, की छोटे दादाजी पत्रिका हातात घेतात, पण वाचत नाहीत. नावांवरून नुसता अंगठा फिरवतात. छपाई फुगीर असेल तर एखादे अक्षर ओळखतातही. ते वाक्य दादाजींच्या मनात तीन महिने राहिले होते.

बोटाने वाचण्याची कल्पना काही नवी नाही. पॅरिसमध्ये व्हॅलेंतिन आउई यांनी १७८६ साली अंध विद्यार्थ्यांसाठी नेहमीच्या अक्षरांचाच उठाव कागदावर घेऊन पुस्तक छापले. पुढे त्याच संस्थेत शिकलेल्या लुई ब्रेल यांनी सहा टिंबांची लिपी तयार केली, कारण उठावाची वळणदार अक्षरे बोटाने ओळखणे फार सावकाशीचे काम असते. ब्रेल लिपीचे महत्त्व वादातीत आहे. परंतु उतारवयात दृष्टी गेलेल्याला नवी लिपी शिकणे जड जाते. त्याच्या बोटांत जुनीच अक्षरे असतात. मोठे, सुटे, ठळक अक्षर त्याला थोडे फार लागते, विशेषतः ते ओळखीच्या हाताचे असेल तर.

पहिला प्रयत्न फसला. श्रावणातील दमट हवेने कागद ओलसर झाला होता, त्यामुळे जेथे शाई नव्हती तेथेही पुडी चिकटली आणि सारे पत्र सोनेरी डागांनी भरले. नातीने कागद उन्हाच्या तिरपेत ठेवून सुकवले आणि टाल्कम पावडरीची छोटी पुरचुंडी त्यांवरून फिरवली; मग भटकी पुडी बसेनाशी झाली. दुसऱ्या वेळी झोत फार जवळ व फार वेळ धरला गेला. पुडी वितळून कागदात मुरली, उठाव गेला, कड करपली. तिसऱ्या वेळी अगोदर यंत्र बाजूला धरून तापवले, झोत कागदाच्या खालून दिला आणि अक्षर चकाकताच पुढे सरकवला. जाड पुठ्ठेवजा कागद घेतला, तो वाकला नाही. काम दिवसाउजेडी, खिडकीशी बसूनच करायचे, हा आजीचा दंडक होता. रात्री दिव्याभोवती जीव येतात आणि उष्ण झोतात सापडतात. सांडलेली पुडी मोरीत धुऊन टाकायची नाही, हाही तिचाच दंडक. प्लॅस्टिकचा कण शेवटी पाण्यात आणि मातीतच जातो. पुडीच्या आणखी रंगांच्या बरण्या मागवण्याची कल्पना नातीने काढली, तेव्हा आहे ती संपू दे, एवढेच उत्तर मिळाले.

तांत्रिक अडचणी सुटल्या आणि खरी अडचण पुढे आली. बोरूची रेघ रुंद, अक्षर बोटाला लागावे म्हणून मोठे; त्यामुळे एका पत्रावर जेमतेम बारा-पंधरा शब्द मावत होते. छापील मजकुरातील ‘गतवर्षात आमच्या मन-वचन-कायेने कळत-नकळत’ या सुरुवातीतच अर्धा कागद संपत होता. दादाजींनी तो मजकूर दोनदा लिहून पाहिला आणि दोनदा खोडला. शेवटी काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवावेच लागले. जन्मभर जमा-नावे लिहिलेल्या माणसाला आपली नेमकी नोंद काय आहे, हे त्या अपुऱ्या जागेने विचारले.

दोन दिवस बोरू कोरडाच राहिला. तिसऱ्या दिवशी सामायिक करून ते खिडकीशी बसले आणि कापऱ्या हाताने तेरा शब्द लिहिले : ‘ती रक्कम तुझ्या नावे टाकताना तुला विचारले नाही. चूक माझी. मिच्छा मि दुक्कडम्.’

नातीने पुडी टाकली, झटकली, कोरड्या कुंचल्याने कडा साफ केल्या आणि झोत धरला. अक्षरे एकेक करून वर आली. हात कापल्याने ‘चूक’मधील उकार वेडावाकडा गेला होता. तिने ते पत्र नव्याने करू का, असे विचारले. दादाजी म्हणाले, ‘‘राहू दे. त्याला ओळख पटेल.’’

पेठेतील छापखान्यात पाकीट घ्यायला गेले असता तेथील जुन्या कारागिराने पत्र हातावर घेतले, मजकूर न वाचता पाठपोट पाहिले आणि उठावावरून बोट फिरवले. ‘‘शेठजी, छपाई तं आमी बी करतो,’’ तो म्हणाला, ‘‘पन हे हाताचं काम हाये, हे बोटाले लगेच समजते.’’ उन्हात किंवा गाडीत तापल्यास असा उठाव समोरच्या कागदाला चिकटतो, म्हणून वर बटर पेपर ठेवण्याची सूचनाही त्यानेच केली. पत्र टपालाने अकोल्याला गेले. त्या वर्षी त्या घरातून बाकीच्यांना नेहमीचाच संदेश गेला. हाताने केलेले पत्र एकच होते.

संवत्सरी झाली. दूरध्वनी आला नाही. घरात कोणी विषय काढला नाही. पुढच्या आठवड्यात अकोल्याहून माल घेऊन येणाऱ्या एका ओळखीच्या गाडीवानाने दुकानात एक कापडी पुडके आणून दिले. त्यात पत्र नव्हते. जुन्या वहीच्या लाल कापडात गुंडाळलेली पेढीची पितळी मोहोर होती. मोहोरेच्या खाचांतील वर्षांची लाख कोणीतरी काडीने टोकरून साफ केली होती. ज्याला दिसत नाही त्याने ती बोटाने चाचपून केली असावी, कारण एक खाच तशीच राहिली होती.

दादाजींनी मोहोर बराच वेळ हातात धरली. संध्याकाळी त्यांनी स्वतः अकोल्याला दूरध्वनी लावला. बोलणे थोडे झाले. पाऊस कसा आहे, सोयाबीन कसे आहे, डोळ्यांत औषध किती वेळा टाकावे लागते. रकमेचा विषय निघाला नाही. दिवाळीला वहीपूजन कोठे करायचे, हा निघाला.

नातीला या कलेतील आणखी एक युक्ती माहीत होती. एकाच जागी पुडीचे तीन-चार थर एकावर एक वितळवले आणि ते मऊ असतानाच त्यांत ठसा दाबून थंड होऊ दिला, तर लाखेच्या मोहोरेसारखीच मुद्रा उमटते. मोहोरेला चिकटू नये म्हणून तिच्यावर आधी शाईचा हलका हात फिरवावा लागतो. तिने करून पाहिले. सोनेरी ठिपक्यात पेढीचे जुने नाव उमटले : दोन्ही भावांच्या वडिलांचे. लाखेचा एक कणही न वापरता.

दिवाळीच्या वहीच्या पहिल्या पानावर यंदा ती मुद्रा लावायची ठरली आहे. मोहोर दाबण्याचे काम पूर्वीप्रमाणे धाकट्याने करायचे, असेही ठरले आहे. खोका आता तळच्या खणात नाही. तो दुकानातील गल्ल्याशेजारी ठेवला आहे, आणि बरण्यांतील पुडी अजून निम्म्याहून अधिक शिल्लक आहे.